कामावर जायला स्वस्तातली दुसरी गाडी: पैसे वाचतात की वाढतात?

इंधनाचे दर चढले की हा विचार अनेक घरांत डोकं वर काढतो. दारात एक मोठी गाडी असते. कुटुंबाला ऐसपैस, लांबच्या प्रवासाला भक्कम, पण पेट्रोलला भारी. ती रोज एकट्याने ऑफिसला न्यायची म्हणजे जीव तुटतो. मग जाहिरातींत एखादी जुनी, छोटी, दुप्पट ॲव्हरेज देणारी गाडी दिसते आणि मनात हिशेब जुळायला लागतो: पेट्रोल निम्म्यावर येईल, मोठीची झीज थांबेल, छोटीची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होईल.

या हिशेबातला पेट्रोलचा भाग बहुतेक वेळा बरोबर असतो. बाकीचा भाग मनातल्या मनात करायला अवघड असल्यामुळे राहून जातो. हा निर्णय घेणारी माणसं पैसे उधळायला निघालेली नसतात, ती काटकसर करायला निघालेली असतात. त्यांचाच खर्च वाढावा हे मनाला फार लागतं, म्हणून हा हिशेब इथे पायरीपायरीने मांडतो.

## आधी प्रश्न नेमका करू

घरातल्या दोघांना एकाच वेळी दोन दिशांना जायचं असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर दुसरी गाडी ही गरज आहे. तिथे बचतीचा प्रश्न येत नाही. कुठली गाडी घ्यावी, एवढाच प्रश्न उरतो.

आपण बोलतोय ते वेगळ्या परिस्थितीबद्दल. घरात एक गाडी आहे, तिने कामावर जाणं सध्या जमतंय, आणि दुसरी गाडी घेण्याचं एकमेव कारण पैसे वाचवणं हे आहे. असं असेल तर त्या गाडीने पैसे वाचवून दाखवलेच पाहिजेत.

## पैशांऐवजी लिटर मोजू

इंधनाचा दर जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो. म्हणून सगळा हिशेब लिटरमध्ये करू. कुठलाही खर्च असो, त्याला एक लिटर इंधनाच्या आजच्या दराने भागायचं. विम्याचा हप्ता म्हणजे किती लिटर, चार टायर म्हणजे किती लिटर. असं केलं की बचत आणि खर्च एकाच मापात शेजारी शेजारी येतात आणि फसगत व्हायला जागा उरत नाही.

समजा घर ते ऑफिस २० किलोमीटर. जाऊन-येऊन ४०. वर्षातले कामाचे दिवस २४० धरले तर ९,६०० किलोमीटर होतात. मोठी गाडी लिटरला १० किलोमीटर देते, म्हणजे वर्षाला ९६० लिटर लागतात. छोटी २० देते, म्हणजे ४८० लिटर. वाचले ४८०. महिन्याला ४० लिटर.

४० लिटर म्हणजे छोट्या गाडीची साधारण एक टाकी. ही बचत खरी आहे, पण दुसऱ्या गाडीचा इंधन सोडून सगळा खर्च आता महिन्याला या एका टाकीच्या पैशांत बसला पाहिजे. गाडीची किंमत, विमा, कर, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, पार्किंग, अचानक निघणारी दुरुस्ती, सगळं.

अंतर बदललं की चित्र किती बदलतं पाहा. रोजचा प्रवास जाऊन-येऊन १० किलोमीटरच असेल, तर याच दोन गाड्यांमध्ये महिन्याला फक्त १० लिटर वाचतात. १०० किलोमीटर असेल तर महिन्याला १०० लिटर. आणि अंतर ४० किलोमीटरच ठेवून आधीची गाडी १० ऐवजी १५ चा ॲव्हरेज देत असेल, तर बचत महिन्याला १३ लिटरवर येते.

इथे एक गोष्ट पक्की धरून ठेवायला हवी. इंधनाच्या बचतीला वरून छत असतं. दुसरी गाडी अगदी फुकट, इंधनाशिवाय धावली, तरी आपल्या उदाहरणात वर्षाला ९६० लिटरपेक्षा जास्त वाचूच शकत नाहीत, कारण आज कामावर जायला तेवढेच जळतात. खर्चाला असं छत नाही. गिअरबॉक्स गेला तर तो तुमची बचत किती आहे ते विचारून जात नाही.

## ॲव्हरेजचा आकडा फसवतो

किलोमीटर प्रति लिटर हे माप गाड्यांची तुलना करायला सोपं वाटतं, पण बचत मोजायला ते वाईट आहे. एक प्रश्न सोडवून पाहा. दोन घरांत एकेक गाडी आहे आणि दोन्ही वर्षाला १०,००० किलोमीटर चालतात. पहिल्या घराने ८ च्या ॲव्हरेजची गाडी बदलून १२ ची आणली. दुसऱ्याने २० ची बदलून ३० ची आणली. जास्त इंधन कोणाचं वाचलं?

बहुतेकांना दुसऱ्याचं वाटतं, कारण १० चा फरक ४ पेक्षा मोठा आहे. प्रत्यक्षात पहिल्या घराचा वापर १,२५० लिटरवरून ८३३ वर आला, म्हणजे ४१७ लिटर वाचले. दुसऱ्याचा ५०० वरून ३३३ वर आला. वाचले १६७.

रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा गोंधळ दाखवून दिला. अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांवरच्या लेबलवर ‘दर १०० मैलांना किती गॅलन’ हा आकडाही छापला जातो. युरोपात आधीपासूनच दर १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, आणि घरचा हिशेब करायला तेच बरं.

म्हणजे आत्ताची गाडी खरोखर खादाड असेल तरच दुसऱ्या गाडीचा विचार करण्यात अर्थ आहे. ती १६-१७ देत असेल, तर २२ ची गाडी आणून हाती फार काही लागणार नाही.

आणि हे आकडे जाहिरातीतले घेऊ नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, नेहमीसारखं कामावर ये-जा करा, पुन्हा टाकी फुल करा आणि जितके लिटर बसले त्याने चाललेल्या किलोमीटरना भागा. दोन-तीन टाक्यांची सरासरी काढली की गाडीचा खरा ॲव्हरेज कळतो. दुसऱ्या गाडीचा असा आकडा तिच्या आत्ताच्या मालकाकडे मागा, आणि तो गर्दीतून चालवतो की मोकळ्या रस्त्यावर, तेही विचारा.

## उभ्या गाडीचा खर्च

गाडीचे खर्च दोन प्रकारचे. गाडी जितकी धावेल तितका वाढणारा तो चल खर्च: इंधन, टायर, ब्रेक पॅड. गाडी धावो न धावो, लागतोच तो स्थिर खर्च: विमा, वार्षिक कर, पार्किंग, आणि वयाबरोबर घटणारी किंमत. भाड्याच्या खोलीसारखं आहे हे. तुम्ही तिथे राहा, नाहीतर महिनाभर कुलूप लावून जा, भाडं चुकत नाही. दुसरी गाडी घेणं म्हणजे दुसरी खोली भाड्याने घेणं, आणि पहिली सोडलेली नसते.

इंधनाचे पैसे आपण दर आठवड्याला पंपावर उभं राहून मोजतो, म्हणून ते सलतात. घटणाऱ्या किमतीची पावती कोणी देत नाही. जर्मनीतल्या कारमालकांची एक मोठी पाहणी २०२० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. इंधनाचा अंदाज लोकांनी बराचसा बरोबर सांगितला होता. पण गाडी बाळगण्याचा एकूण खर्च त्यांनी प्रत्यक्षाच्या जवळजवळ निम्माच धरला होता. किंमत घटणं, दुरुस्ती, कर आणि विमा यांत ते चुकले. दुसऱ्या गाडीचं गणितही नेमकं इथेच बिघडतं: दिसणारा खर्च कमी करायला जाऊन आपण न दिसणारा वाढवतो.

आता गाडीच्या किमतीकडे या. वर्षागणिक घटत जाणाऱ्या किमतीला घसारा म्हणतात. गाडीचा खरा खर्च म्हणजे तिची खरेदी किंमत नव्हे. खरेदी किंमत वजा विकताना मिळणारी किंमत, भागिले मधली वर्षं, हा तो खर्च.

समजा छोटी गाडी २,००० लिटर इंधनाच्या किमतीत मिळाली आणि चार वर्षांनी १,००० लिटरच्या किमतीला विकली गेली. घसारा वर्षाला २५० लिटर. शिवाय या काळात सरासरी १,५०० लिटरएवढी रक्कम गाडीत अडकून राहिली. ती बँकेत असती किंवा तिने कर्ज फेडलं असतं, तर ६ टक्क्यांनी वर्षाला ९० लिटर सुटले असते. दोन्ही मिळून ३४०.

इंधनात वाचले होते ४८०. त्यातून ३४० गेले. उरले १४०, म्हणजे महिन्याला १२ लिटरही नाहीत. या १२ लिटरच्या पैशांत विमा, कर, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग आणि दुरुस्ती बसवून दाखवायची. अनेक ठिकाणी एकटा विमाच त्यातला मोठा भाग खाऊन टाकेल.

कर्ज काढून घेतली तर परिस्थिती आणखी अवघड होते. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर सहसा नव्या गाडीपेक्षा जास्त लावतात. ‘पेट्रोलमध्ये वाचेल त्यातून हप्ता जाईल’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण हप्ता जातो तेव्हा विमा आणि सर्व्हिसिंग कुठून जाणार, हे त्यात येत नाही.

## ‘पण मोठ्या गाडीची झीज तर वाचते ना?’

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याला थोडा वेळ द्यायला हवा.

आधी टायर, ब्रेक आणि ऑइल पाहू. कामावर जाण्याचे ९,६०० किलोमीटर कुठल्यातरी गाडीला कापावेच लागणार. मोठीचे टायर झिजले नाहीत तर छोटीचे झिजतील. छोटीचे टायर स्वस्त असतात, तेवढा फरक धरा, पण झीज संपत नाही. ती एका गाडीवरून दुसरीवर जाते.

त्यातही गाडीची सगळी झीज किलोमीटरने होत नाही, बरीचशी नुसत्या काळाने होते. इंजिन ऑइलसाठी ‘इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून अनेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. टायरचं रबर वयाने कडक होतं. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी फार दिवस उभी राहिली तर बॅटरी आपोआप उतरते. म्हणजे मोठी गाडी दारात उभी राहिली, तरी तिची सर्व्हिसिंग, बॅटरी आणि टायर यांचा खर्च शून्यावर येत नाही. आता हे सगळं दोन गाड्यांसाठी करायचं.

किमतीचं काय? इथे आक्षेपात तथ्य आहे. कमी रनिंग झालेली गाडी विकताना जास्त किंमत देते. किती जास्त, ते तुम्हाला घरबसल्या काढता येईल. तुमच्याच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन सेकंड हँड गाड्यांच्या जाहिराती शोधा, एक कमी रनिंगची आणि एक जास्त. किमतीतल्या फरकाला रनिंगच्या फरकाने भागलं की एका किलोमीटरमागे किंमत किती घटते ते कळतं. दोन जाहिरातींवर विसंबू नका, पाच-सहा जोड्या पाहा. मिळालेला आकडा वर्षाच्या किलोमीटरने गुणा आणि लिटरमध्ये मांडा. ही बचत इंधनाच्या बचतीत हक्काने मिळवा.

गाडी नवी आणि महाग असेल तर हा आकडा भरीव निघू शकतो. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर तिची किंमत आधीच बरीच उतरलेली असते आणि वाचवण्यासारखं थोडंच उरतं. गाडी मोडीत जाईपर्यंत तुम्हीच वापरणार असाल, तर आज वाचवलेले किलोमीटर तुम्हाला तिच्या आयुष्याच्या शेवटी मिळतील. तोवर ती वयानेच थकलेली असेल.

एक अपवाद स्पष्ट आहे. गाडी लीजवर असेल आणि करारात किलोमीटरची मर्यादा असेल, तर मर्यादेपुढच्या प्रत्येक किलोमीटरला दंड पडतो. तिथे झीज वाचवण्याची किंमत करारातच छापलेली असते, ती थेट हिशेबात घ्या.

## ‘गाडी अगदी कवडीमोलाने मिळतेय’

किंमत कमी म्हणजे घसारा कमी, हे खरं. अगदी जुनी गाडी घेतली तर तिची किंमत आणखी उतरायला जागाच नसते. पण जे घसाऱ्यात वाचतं ते दुरुस्तीत निघण्याची शक्यता वाढते. क्लच, टायमिंग बेल्ट, सस्पेन्शन, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर हे भाग साधारण एकाच सुमारास म्हातारे होतात. त्यांच्या किमतीही गाडी किती स्वस्तात घेतली त्यावर ठरत नाहीत. गाडी निम्म्या किमतीत मिळाली म्हणून क्लच निम्म्या किमतीत मिळत नाही.

आणि ती गाडी इतकी स्वस्त का विकली जातेय? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन हे समजावलं. गाडीतले दोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा मधली किंमत देऊ करतो. चांगली गाडी असलेल्याला ती कमी वाटते आणि तो विकत नाही. वाईट गाडी असलेल्याला ती चांगली वाटते आणि तो लगेच तयार होतो. हळूहळू बाजारात वाईट गाड्यांचं प्रमाण वाढतं. अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून ओळखीतली, सर्व्हिसिंगच्या पावत्या जपलेली, ज्याने चालवली त्याच्याकडूनच मिळणारी गाडी थोडी महाग असली तरी मी तीच घ्यायला सांगेन. आणि आपल्या मेकॅनिकला सोबत नेण्याचा खर्च वाचवू नका. या व्यवहारात त्याच्याइतकं स्वस्त काही नाही.

## ‘विमा साधाच घेईन’

घ्या. गाडीची किंमत थोडी असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा न घेता फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा घेणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा बहुतेक देशांत कायद्यानेच सक्तीचा आहे. पण मग एका धडकेत गाडी पूर्ण गेली तर तिची उरलेली किंमत तुमच्या खिशातून गेली, हे लक्षात असू द्या. मोठ्या गाडीचा विमाही चालूच राहतो. वर्षाचे किलोमीटर घटल्यावर काही विमा कंपन्या हप्ता कमी करतात, तेवढं मात्र विचारून घ्या.

## ‘इलेक्ट्रिक घेतली तर?’

इथे गणित खरोखर बदलतं, म्हणून ते वेगळं करू. छोटी इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज घेते. ९,६०० किलोमीटरला १,४४० युनिट झाले. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून १,६०० म्हणू. आता एका युनिटचा दर आणि एका लिटरचा दर यांचं प्रमाण पाहा. युनिट लिटरच्या दहाव्या हिश्शाला मिळत असेल, तर वर्षभराची वीज १६० लिटरच्या किमतीत येते आणि ८०० लिटर वाचतात. चौथ्या हिश्शाला मिळत असेल तर वीज ४०० लिटरची होते आणि बचत ५६० वर येते.

इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही, ब्रेकही कमी झिजतात, त्यामुळे सर्व्हिसिंग हलकं असतं. रोजचं ठरलेलं अंतर आणि रात्री घरी उभी राहणारी गाडी, ही इलेक्ट्रिकला अगदी मानवणारी परिस्थिती आहे.

पण स्वस्तातल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीत सगळा प्रश्न बॅटरीचा. अनेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात आणि क्षमता घटल्याबद्दल हमी वापरायची तर ती क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली गेलेली असावी लागते. हमी संपलेली गाडी घेताना बॅटरीची उरलेली क्षमता यंत्राने मोजून घ्या. घरी चार्जिंग करता येत नसेल, रोज बाहेरच्या महागड्या चार्जरवर उभं राहावं लागणार असेल, तर वरचे आकडे विसरा.

## मग परवडतं कधी?

रोजचा १०० किलोमीटरचा प्रवास घ्या. वर्षाला २४,००० किलोमीटर. १० च्या गाडीला २,४०० लिटर, २० च्या गाडीला १,२००. वाचले १,२००. इतकी चालवल्यावर गाडीची किंमत चार वर्षांत शून्यावर आली असं कडक धरलं, तरी घसारा वर्षाला ५०० आणि अडकलेल्या पैशांचे ६०. उरले ६४०, म्हणजे महिन्याला ५३ लिटर. यात विमा, कर, सर्व्हिसिंग, टायर बसू शकतात आणि वर काही उरूही शकतं. मोठी गाडी नवी असेल तर तिचे वाचलेले किलोमीटर भर घालतील. अशा माणसाला मी दुसरी गाडी घे म्हणेन.

गाडी घरातल्याच कोणाकडून जवळजवळ फुकट येत असेल, पार्किंगला वेगळे पैसे पडत नसतील आणि किरकोळ दुरुस्ती स्वतःला जमत असेल, तर कमी अंतरावरही जमून जातं. नाहीतर अंतर लांब आणि ॲव्हरेजमधला फरक मोठा, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. फक्त एक असून भागत नाही.

आपला नेमका आकडा काढायचा असेल तर दुसऱ्या गाडीचा वर्षाचा सगळा खर्च, घसाऱ्यासह आणि इंधन सोडून, लिटरमध्ये मांडा. मग एका किलोमीटरला वाचणाऱ्या लिटरने त्याला भागा. १० आणि २० च्या गाड्यांत किलोमीटरला ०.०५ लिटर वाचतं. खर्च ६०० लिटर असेल तर ६०० भागिले ०.०५, म्हणजे वर्षाला १२,००० किलोमीटर कामाचे झाले तर कुठे बरोबरी. बचत त्याच्या पुढे सुरू होते. यात फक्त कामाचे किलोमीटर धरा. दारात दुसरी गाडी आली की जवळच्या कामांनाही ती काढली जाते, पूर्वी चालत होणाऱ्या फेऱ्या गाडीने होतात. ते किलोमीटर बचतीत येत नाहीत.

## सर्वांत जास्त किलोमीटर सर्वांत जुन्या गाडीत

हे पैशांत मोजता येत नाही, पण गप्पही बसवत नाही. कामावर जाण्यासाठी जुनी गाडी घेतली म्हणजे तुमचा बहुतेक प्रवास घरातल्या कमी सुरक्षित गाडीतून होणार. वळणावर किंवा निसरड्या रस्त्यावर गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी ईएससी ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ पासून नव्या कारना सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत ती नसण्याची शक्यता मोठी. एअरबॅगचंही तेच. किंमत पाहण्याआधी या दोन गोष्टी आहेत का ते पाहा. नसतील तर ती गाडी माझ्या लेखी महागच.

## तेवढेच लिटर, गाडी न घेता

आपल्या उदाहरणातल्या माणसाने त्याच रस्त्याने जाणाऱ्या एका सहकाऱ्याशी बोलणी केली, आणि एक दिवस याची गाडी, एक दिवस त्याची, असं ठरवलं. वर्षाला ९६० ऐवजी ४८० लिटर लागले. दुसऱ्या गाडीइतकीच बचत, आणि वर विमा नाही, कर नाही, टायर नाहीत. मोठ्या गाडीचे निम्मे किलोमीटरही वाचले. आठवड्यातल्या पाचपैकी दोन दिवस घरून काम करता आलं, तर ३८४ लिटर वाचतात.

तिसरा मार्ग लोकांना सहसा पटत नाही, पण मला तो सर्वांत जास्त पटतो. मोठी गाडी विकून तिच्या जागी छोटी घ्या. कामाच्याच काय, सगळ्याच किलोमीटरवर बचत होते आणि स्थिर खर्च एकाच गाडीचा राहतो. ‘मोठी गाडी लागते ना अधूनमधून’ हे उत्तर येतं. वर्षात नेमकी किती दिवस लागते ते मोजा, आणि तितके दिवस भाड्याने घेतल्यास किती लिटरची पडते ते पाहा. बहुतेक घरांत ते दिवस थोडेच भरतात. अंतर कमी असेल आणि हवा-रस्ते सोसत असतील तर दुचाकीचंही गणित मांडा, कारण तिचे स्थिर खर्च गाडीच्या मानाने फारच थोडे असतात. तिचा धोका मात्र गाडीपेक्षा जास्त आहे, तो विसरून चालणार नाही.

## तरीही घ्यायची ठरली तर

पैसे देण्याआधी विम्याचा हप्ता लेखी मागवा, टायरवरची तारीख वाचा, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते पावतीवर पाहा, सुट्या भागांच्या किमती मेकॅनिककडून काढून घ्या. मोठ्या गाडीसारख्याच कंपनीची किंवा भाग सहज मिळणारी गाडी निवडली तर पुढे त्रास कमी.

आणि त्याच दिवशी एक आकडा लिहून ठेवा: दुरुस्तीला किती लिटरपेक्षा जास्त खर्च आला तर गाडी विकायची. जुन्या गाडीवर पैसे घालत राहण्याचं मोठं कारण आधी घातलेले पैसे हेच असतं. नवा क्लच टाकलाय म्हणून गिअरबॉक्स करायचा, गिअरबॉक्स केलाय म्हणून टायर टाकायचे. पण घातलेले पैसे गाडी ठेवली तरी परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. विचार पुढच्याचाच करायचा. इंधनात वर्षाला ४८० लिटर वाचत असतील आणि विमा, कर, सर्व्हिसिंग मिळून ३०० जात असतील, तर ही गाडी वर्षाला १८० लिटर मिळवून देते. दुरुस्ती ५०० लिटरची निघाली तर ती जवळजवळ तीन वर्षांची कमाई झाली. गाडी आणखी तीन वर्षं दुसरं मोठं काम न काढता चालेल का, असं मेकॅनिकला विचारा, आणि त्याने खात्री दिली नाही तर आहे त्या अवस्थेत जी किंमत येईल तिला गाडी विकून टाका.